मुलाला जवळ बोलावताना

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी इशाच्या नमाजनंतर मी माझ्या थोरल्या मुलाला हाक मारली आणि म्हणालो, "ये, एक चांगला चित्रपट मिळाला आहे, दोघे मिळून पाहू." मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. त्याने दारातूनच माझ्याकडे थोडे संशयाने पाहिले. चित्रपट बंद कर म्हणणारा बाप त्याच्या ओळखीचा होता, चित्रपटासाठी बोलावणारा नव्हता. तरीही तो आला आणि सतरंजीवर भिंतीला टेकून बसला. त्याची अम्मी धाकटीला झोपवून थोड्या वेळाने येऊन बसली.

त्या हाकेमागे काय होते, ते आधी सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे सारे लिहिणे व्यर्थ होईल. दोन महिन्यांपासून मुलगा फजरला उठत नव्हता. जुम्याच्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल असते असे तो सांगे, आणि हे प्रॅक्टिकल नेमके प्रत्येक जुम्यालाच असे. मी एकदा समजावले, एकदा आवाज चढवला, एकदा पहाटे अंगावरचे पांघरूण ओढले. शेवटी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. त्याने वाद घातला नाही. तो गप्प झाला, आणि ती गप्पगिरी मला वादापेक्षा जड जाऊ लागली. अशा दिवसांत एका स्नेह्याने या चित्रपटाविषयी सांगितले : फ्रान्समध्ये वाढलेला, दीनपासून दुरावलेला एक तरुण मुलगा आपल्या वृद्ध बापाला मोटारीने हजला घेऊन जातो. मी तो आधी एकट्याने पाहिला आणि ठरवले, की जे माझ्या तोंडून मुलाच्या कानात शिरत नाही ते या पडद्यावरून शिरेल. म्हणजे मी मुलाला औषध पाजायला बोलावत होतो आणि सांगत होतो, की सरबत आहे.

अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. ती मी अनेकदा वाचली होती, एकदा मोहल्ल्यातल्या पालकांपुढे सांगितलीही होती. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना हाक मारली, की ये, मी तुला काही देते. प्रेषित मुहम्मद (स.) त्या वेळी त्यांच्या घरी बसलेले होते. त्यांनी विचारले, तू त्याला काय देणार होतीस? आई म्हणाली, खजूर. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले, की तू त्याला काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. आपण ही हदीस सांगतो ती बहुधा लहान मुलांना खोटी आमिषे दाखवू नयेत, एवढ्यासाठी. चॉकलेट देतो म्हणून इंजेक्शनला नेणारे आईबाप आपल्या डोळ्यांपुढे असतात. पण सोळा वर्षांच्या मुलाला आपण जे देतो म्हणून बोलावतो आणि प्रत्यक्षात जे देतो, त्यांतले अंतर कोण मोजणार? मी सोबत देतो म्हणालो होतो. माझ्या मुठीत उपदेश होता.

चित्रपट पाहावा की पाहू नये, याविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि ज्या घरांत तो अजिबात पाहिला जात नाही त्या घरांविषयी मला आदर आहे. तो वाद इथे मांडायचा नाही. ज्या घरांत मुले काहीतरी पाहतच असतात, आणि आज अशीच घरे अधिक आहेत, तिथे प्रश्न उरतो तो हा, की आई-बाप त्यांच्याशेजारी बसतात तेव्हा नेमके काय करीत असतात.

चित्रपटाचे नाव 'ल ग्रां व्होयाज', म्हणजे मोठा प्रवास. २००४ चा. दिग्दर्शक इस्माईल फर्रुखी हे मोरोक्कोत जन्मलेले आणि फ्रान्समध्ये वाढलेले. हा त्यांचा पहिलाच मोठा कथापट, आणि पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा व्हेनिस महोत्सवातला पुरस्कार त्याला मिळाला. मक्केत हजच्या दिवसांत चित्रीकरणाची परवानगी मिळालेला पहिला कथापट म्हणूनही त्याचा उल्लेख होतो. कथा अगदी थोडी आहे. रेदा नावाच्या मुलाची शालान्त परीक्षा तोंडावर आलेली असते. बापाला हजला जायचे असते आणि तेही मोटारीनेच. थोरला भाऊ गाडी चालवणार असतो, पण त्याचा परवाना जप्त होतो आणि बाप रेदाला सांगतो, की तू चालवायची. विचारत नाही, सांगतो. मग एका जुनाट गाडीतून दोघे फ्रान्समधून निघतात आणि इटली, बाल्कन देश, तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन असे करीत हजारो किलोमीटर तोडत मक्केला पोहोचतात. पावणेदोन तासांच्या चित्रपटात बहुतेक वेळ ही दोन माणसे एका गाडीत असतात आणि फारसे बोलत नाहीत.

माझी अपेक्षा होती, की या शांततेत माझ्या मुलाला रेदाचा उद्धटपणा दिसेल आणि बापाचा संयम दिसेल. पहिल्या अर्ध्या तासातच तसे घडले नाही. प्रवासाच्या सुरुवातीलाच रेदा झोपलेला असताना बाप त्याचा मोबाइल उचलतो आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून देतो. तो मोबाइल म्हणजे त्या मुलाचा त्याच्या मागे राहिलेल्या जगाशी असलेला एकमेव धागा असतो. त्या जगात त्याची एक मैत्रीण आहे, जिच्याविषयी घरात कुणालाच ठाऊक नाही. एकट्याने पाहताना हा प्रसंग माझ्या नजरेतून जवळजवळ निसटला होता. बापाने बरोबर केले, एवढेच मला वाटले असावे. आता शेजारी ज्याचा मोबाइल माझ्या कपाटात आहे तो मुलगा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो उठला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. त्याच्या अम्मीने मात्र माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे मी शाळेत मुलांना शिकवत आलो आहे, आणि वर्गातला सर्वांत मागचा मुलगा धडा समजून घेतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तो चेहरा त्या क्षणी माझा झाला असावा.

चित्रपट मुलासाठी लावला होता आणि तो बोलत माझ्याशी होता.

या चित्रपटातली आणखी एक गोष्ट आपल्या घरांच्या फार जवळची आहे. बाप बोलतो मोरोक्कोच्या अरबीत आणि मुलगा उत्तर देतो फ्रेंचमध्ये. दोघांनाही एकमेकांची भाषा समजते. अडचण समजण्याची नाही. प्रत्येक जण आपल्या भाषेत राहतो, कारण तिथे तो सुरक्षित असतो. सांगली-मिरजेकडच्या आमच्यासारख्या घरांत अम्मी-अब्बांची बोली दखनी, शाळेची आणि बाजाराची भाषा मराठी, दीनचे शब्द अरबी-उर्दूतले, आणि मुलांच्या मोबाइलमधली भाषा तिसरीच काही. आम्ही मुलांना तौबा म्हणतो, तक्वा म्हणतो, आखिरत म्हणतो. मुले मान डोलावतात. या शब्दांना त्यांच्या रोजच्या जगण्यात काय म्हणायचे, हे आम्ही त्यांना दिलेले नसते. सूड घ्यावासा वाटला आणि घेतला नाही, याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात? वर्गातल्या मुलीचा विचार मनातून जात नाही, याविषयी अब्बांशी कोणत्या भाषेत बोलायचे? दखनीत लाज वाटते, उर्दूत ते खुतब्यासारखे होते, मराठीत बोलावे तर अब्बा म्हणतात, घरात मराठी का बोलतोस. मी अनेक वर्षे हेच म्हणत आलो आणि आता या नियतकालिकासाठी मराठीतच लिहीत बसलो आहे, यातली विसंगती माझ्या मुलाने मला एकदा दाखवून दिली होती. तेव्हा मी त्याला उद्धट म्हणालो होतो.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्याची मला आधीपासून धास्ती होती. प्रवासात रेदा दारू पितो, आणि पुढे एका रात्री एका नर्तकीला मुक्कामाच्या खोलीवर घेऊन येतो. बापाला ते कळते. मी रिमोट हातातच धरून बसलो होतो. प्रसंग आला तसा मी तो पुढे सरकवला. मुलगा शांतपणे म्हणाला, "काय आहे ते मला कळलं, अब्बा."

पुढे सरकवल्याचा मला पश्चात्ताप नाही. नजर खाली ठेवण्याचा आदेश सूरह नूरमध्ये (२४:३०) आहे, तो मुलालाही आहे आणि मलाही, आणि बाप शेजारी बसला म्हणून तो शिथिल होत नाही. पण दृश्य सरकवणे वेगळे आणि विषय सरकवणे वेगळे. पवित्र कुरआनने हजरत यूसुफ (अ.) यांची कथा सांगताना बंद दरवाजे, ते आमंत्रण, तो मोह आणि तो बचाव (१२:२३-२४) यांतले काहीही गाळले नाही, आणि त्याच सूरहच्या आरंभी या कथनाला सर्वोत्तम म्हटले. वाचणाऱ्याच्या मनात विकार उठू नये अशा रीतीने, पण काही लपवल्यासारखे न वाटता ते सांगितले आहे. यूसुफ (अ.) त्या वेळी तरुण होते, परक्या देशात होते, आई-बापांपासून तुटलेले होते. आपल्या मुलाच्या वयाचे दुःख त्या सूरहमध्ये आहे. आपण ती कथा मुलांना विहिरीपासून सांगायला घेतो आणि एकदम राजदरबारात पोहोचतो. मधले पान आपणही पुढे सरकवतो.

आणि जर कुणी म्हणेल, की अशा विषयावर मुलाशी बोलणे शोभत नाही, तर मुस्नद अहमदमधली हजरत अबू उमामा (रजि.) यांनी सांगितलेली घटना आठवावी. एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने सरळ व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावले, बसवले, आणि विचारले, की तुझ्या आईसाठी तुला हे आवडेल काय? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्यासाठी, मावशीसाठी? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितले गेले, की इतर लोकांनाही आपल्यांसाठी ते आवडत नाही. मग प्रेषितांनी (स.) त्याच्यावर हात ठेवून दुआ केली, की त्याचा गुन्हा माफ व्हावा, अंतःकरण शुद्ध व्हावे, शील सुरक्षित राहावे. या घटनेतले सर्वांत मोठे आश्चर्य मला उत्तरात वाटत नाही. तो तरुण मुळात तिथे आला, याचे मला आश्चर्य वाटते. ज्यांच्यापुढे पाप लपवावे अशी जगातली सर्वांत पवित्र व्यक्ती, आणि तिच्याकडेच तो ही गोष्ट घेऊन येतो! येऊ शकला, कारण तिथे हाकलले जाणार नाही हे त्याला ठाऊक असावे. माझ्या मुलाला माझ्याविषयी हे ठाऊक नव्हते. त्याला माझ्याविषयी ठाऊक होते ते कपाटाचे कुलूप.

चित्रपटाचा बाप आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. तो हट्टी आहे, हिशेबी आहे, रस्त्यातले प्रेक्षणीय असे काहीही मुलाला पाहू देत नाही. एका प्रसंगात हातातले पैसे संपत आलेले असताना तो एका गरीब स्त्रीला दान देतो. रेदा संतापून तिच्याकडून पैसे परत घेतो आणि बाप त्याच्या थोबाडीत मारतो. पहिल्यांदा पाहताना मी मनात म्हणालो होतो, योग्यच केले. दुसऱ्यांदा वाटले, या बापाला सदक्याची महती माहीत आहे, पण ती मुलाच्या मनात कशी उतरवावी हे त्याला माहीत नाही. हातातून पैसे सहज सुटतात, तोंडातून शब्द सुटत नाही. आपल्यापैकी कितीतरी बाप असेच आहेत. रात्री उठून तहज्जुद पढणारे, मुलांच्या नावे रडून दुआ मागणारे. पण ज्याच्यासाठी रडलो त्याला ते कधी दिसू दिलेले नाही.

एकदा मात्र तो बाप बोलतो. मुलगा विचारतो, की विमानाने का गेला नाहीस? तेव्हा बाप सांगतो, की समुद्राचे खारे पाणी आकाशाकडे चढत जाते तेव्हाच त्याचा कडवटपणा सुटतो. म्हणून वाट लांब असलेली बरी. आणि तो आपल्या बापाची आठवण सांगतो, जो खेचरावरून हजला गेला होता आणि ज्याची वाट पाहत हा लहानपणी रोज टेकडीवर जाऊन उभा राहत असे. एवढेच. पण तेवढ्याने गाडीतली हवा बदलते. रेदाने प्रथमच विचारलेले असते आणि बापाने प्रथमच आदेश न देता काही सांगितलेले असते. माझे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले होते; १९९५ पर्यंत आपल्याकडून अशा बोटी जात. जाताना त्यांनी सगळ्या गावाची माफी मागितली होती, अगदी ज्याच्याशी बांधावरून भांडण होते त्याचीही. चित्रपट थांबवून मी मुलाला हे सांगितले. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. सोळा वर्षांत मी त्याला हजचे अरकान पाठ करून घेतले होते, पणजोबांची बोट सांगितली नव्हती. त्याने विचारले, "बांधावाल्यानं माफ केलं का?" केले होते. बोटीवर पोहोचवायलाही तोच आला होता.

शेवट सांगितल्याखेरीज पुढचे सांगता येणार नाही. मक्केत पोहोचल्यावर बाप एहराम नेसून इतर यात्रेकरूंबरोबर जातो आणि रेदा मागे थांबतो. संध्याकाळ होते, रात्र होते, बाप परत येत नाही. मुलगा त्या लाखोंच्या गर्दीत, एकसारख्या पांढऱ्या वस्त्रांच्या समुद्रात, बापाला शोधत फिरतो आणि शेवटी त्याला एका खोलीत नेले जाते, जिथे चादरीखाली प्रेते ठेवलेली असतात. सारा प्रवास न रडलेला हा मुलगा तिथे बापावर पडून रडतो. मग त्याला गुस्ल देतो. परतताना वाटेत एक भीक मागणारी स्त्री दिसते आणि तो तिच्या हातावर पैसे ठेवतो.

माझा मुलगा रडत होता. मी दिवा लावला नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होते, पण खरे सांगायचे तर त्या पाण्यात थोडा विजय मिसळलेला होता. औषध लागू पडले, असे मला वाटले. मी घसा खाकरला. "यातून काय शिकलास?" हे वाक्य माझ्या जिभेवर आलेले होते. त्याच्या अम्मीने अंधारात माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मी ते गिळले. अल्लाह तिला याचा मोबदला देवो. मुलगाच बोलला. "अब्बा, तुमे मेरेकू ये कायकू दिखाये?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो मला तपासत होता, आणि त्याचा तसा हक्क होता. सर्व कर्मे नियतीवर अवलंबून आहेत, ही सहीह बुखारीतली पहिली हदीस. आणि माझ्या नियतीविषयी मला विचारण्यात आले होते. मी म्हणू शकलो असतो, की सहज, चांगला चित्रपट आहे म्हणून. मग ते खोटे माझ्या नावावर लिहिले गेले असते. मी सांगितले, की तू बदलावास म्हणून. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की रेदाचा बाप मरायच्या आधी एकदा जरी म्हणाला असता, की तुझी परीक्षा बुडाली, तर बरे झाले असते. आणि पुढे म्हणाला, "त्याला कुणी विचारलंच नाही, की तुला यायचं आहे का."

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. सूरह साफ्फातमधली १०२ वी आयत आपण दर ईदुल अज्हाला ऐकतो. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाचे नाव इस्माईल असावे, हा केवळ योगायोग, पण त्यामुळे ती आयत मला त्या रात्री आठवली. हजरत इब्राहीम (अ.) यांचा मुलगा बापाबरोबर धावपळ करण्याच्या वयात आला होता, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे तो मांडीवरचा राहिलेला नव्हता. इब्राहीम (अ.) यांना स्वप्न पडते, आणि नबीचे स्वप्न म्हणजे वह्य, अल्लाहचा आदेश. त्यात बदल होण्याची शक्यता नाही. तरीही ते मुलाला स्वप्न सांगतात आणि त्याचे मत विचारतात. बघ, तुला काय वाटते? हे विचारणे कशासाठी होते? मुलगा नाही म्हणाला असता तर आदेश रद्द होणार नव्हता. मग विचारले का? मला वाटते, ज्या गोष्टीत मुलाची मान जाणार आहे त्यात त्याचे मनही असावे म्हणून. विचारले गेले म्हणूनच त्याचे जाणे कुर्बानी ठरले. विचारल्यावाचून तो केवळ ओढून नेला गेला असता. आपण बकऱ्याची गोष्ट मुलांना दरवर्षी सांगतो, या प्रश्नाची सांगत नाही. कारण उघड आहे. प्रश्न विचारला, की उत्तर ऐकावे लागते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. हदीसमध्ये मुलांना सातव्या वर्षी नमाजचा हुकूम द्या आणि दहाव्या वर्षी न पढल्यास कडकपणा करा, असे सांगितले आहे. मग विचारण्याचा प्रश्न येतो कुठे? पण सात आणि दहा यांच्यामधली तीन वर्षे आपण मोजतो का? रोज पाच वेळा, तीन वर्षे, म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने हाक मारायची, हात धरून शेजारी उभे करायचे, आणि मग कुठे कडकपणाचा शब्द येतो. माझा मुलगा सात ते दहा वर्षांचा होता तेव्हा मी शाळा सुटल्यावर शिकवण्या घेत होतो, घराचे हप्ते फेडत होतो, आणि मगरिबच्या वेळी क्वचितच घरी असे. ती पाच हजार हाकांची थकबाकी माझ्याकडे आहे. ती मी सोळाव्या वर्षी एका महिन्याच्या कडकपणात वसूल करायला निघालो होतो. आणि देणेकरी होतो मी. सोळा वर्षांचा मुलगा आता बालिग आहे. त्याची नमाज त्याच्या खात्यात लिहिली जाते, सोडलेलीही त्याच्याच. माझ्या खात्यात माझी हाक लिहिली जाते. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत, हे मान्य करणे बापाला फार कठीण जाते.

हजरत अनस (रजि.) दहा वर्षांच्या सुमाराचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. म्हणजे त्यांचे सारे पौगंड तिथे गेले. ते सांगतात, की या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) त्यांना कधी हुं म्हटले नाही, हे का केलेस किंवा ते का केले नाहीस, असे विचारले नाही. मुलाने त्या वयात काहीच चुका केल्या नसतील, असे कोण म्हणेल?

मुलाला 'या बुनय्या', माझ्या लाडक्या मुला, अशी हाक कुरआनात हजरत लुकमान मारतात, हजरत इब्राहीम (अ.) मारतात, हजरत याकूब (अ.) मारतात. हीच हाक सूरह हूदमध्ये हजरत नूह (अ.) मारतात, पर्वताएवढ्या लाटांमधून : आमच्याबरोबर चढ. शब्द तोच, माया तीच. इब्राहीम (अ.) यांचा मुलगा हो म्हणतो. नूह (अ.) यांचा मुलगा डोंगराचा आसरा घेतो म्हणतो, आणि दोघांमध्ये लाट येते. नूह (अ.) यांच्या हाकेत काही कमी होते असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? मग मुलाचे मन विचारले, मायेने विचारले, तर उत्तर हो येईलच अशी हमी कुणी द्यावी? चित्रपटातला बाप मेला आणि मुलाच्या हातून सदका निघाला, हे कथेत घडते. तो मुलगा फ्रान्सला परतल्यावर नमाज पढू लागला का, हे दिग्दर्शकाने दाखवलेले नाही, आणि आता मला वाटते, ते न दाखवण्यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. मी मात्र शेवट माहीत असल्यासारखा मुलाला बोलावत होतो.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडून मोबाइल त्याच्या हातात दिला. काही अटी घातल्या, रात्री अकराची वेळ ठरवली. त्यातली एक त्याने मान्य केली नाही आणि आम्ही ती बदलली. जुम्याच्या प्रॅक्टिकलविषयी मी विचारले. तो म्हणाला, की प्रॅक्टिकल नसते, मशिदीत गेले की शेजारचे लोक निकालाविषयी विचारतात, म्हणून तो जात नाही. दहावीचे त्याचे गुण आमच्या अपेक्षेइतके आले नव्हते. मी त्याविषयी मोहल्ल्यात काय काय बोललो होतो, ते त्याने मला सांगितले. सगळे खरे होते. आता तो कधी कधी दुसऱ्या गल्लीतल्या मशिदीत जुम्याला जातो, कधी जात नाही. विचारले तर खरे सांगतो.

सूरह नूरमध्येच (२४:५८-५९) मुलांनी आई-वडिलांच्या खोलीत येताना केव्हा परवानगी मागावी ते सांगितले आहे, आणि फजरच्या आधीची वेळ त्या वेळांपैकी एक आहे. बालिग मुलाने तर नेहमीच परवानगी मागावी. बापाने मुलाचे दार वाजवावे, असे तिथे म्हटलेले नाही. ते मी माझ्यापुरते जोडले आहे. पहाटे वजू करून मी त्याच्या दारावर एकदा टकटक करतो, नाव घेतो आणि पुढे जातो. पांघरुणाला हात लावत नाही. काही दिवशी मी मशिदीच्या वाटेवर वळून पाहतो तेव्हा त्याच्या खिडकीत दिवा लागलेला असतो. काही दिवशी नसतो.